काळी दोन

२०२२ साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो आणि ठाण्यापासून कल्याणपर्यंत माझ्या वयाचा एकही गडी काळी दोनमध्ये गात नव्हता. मीसुद्धा गात नव्हतो. पण ते मला ठाऊक नव्हतं.

काळी दोन म्हणजे पेटीवरची दुसरी काळी पट्टी. गाणारा तिला आपला सा मानतो आणि तिथून वर चढतो. साधारण पुरुषाचा गळा काळी एकला सुखात असतो. तिच्याही वर दोन घरं, म्हणजे मधली पांढरी धरून दोन सूर, चढून तीन तास गायचं, मधे संवाद बोलायचे, मधे रडायचं, मधे मीठ ओढायचं लाकडी फावडं रंगमंचावर खरंखरं चालवायचं, याला छाती लागते. ती माझ्याकडे होती. अजून आहे. फक्त तिच्यात वारा किती मावतो याचा हिशेब माझा चुकलेला.

मी शाळेत किती गेलो हे कोणी विचारलं तर चौथी सांगतो. खरं म्हणजे तिसरीतच बापाने उचलून आगरात नेलं. बाळकुमच्या खाडीकडच्या मिठागरात मी बांध घालायला शिकलो, आणि बांधावरून चालता चालता पदं रचायलाही. हाताला काम असलं की माझं तोंड मोकळं असायचं. घरी आलो की बायकोसमोर बसून बोलायचो आणि ती लिहून घ्यायची, कारण ती सातवी शिकलेली. पुढे मी स्वतः लिहायला लागलो. माझ्या अक्षराला लोक हसतात. माझ्या ओळीला कोणी हसलेलं मी पाहिलं नाही. सतरा संगीत नाटकं मी लिहिली, सतराही मीच बसवली, आणि आमच्या मंडळीत मला सगळे मास्तर म्हणतात. तिसरीतून उचललेल्या माणसाला मास्तर म्हणवून घ्यायला मजा येते.

या सतरांतलं जे लोकांनी उचलून धरलं ते आमचं मिठाचं नाटक. त्यात एक म्हातारा आगरी आहे. खाडी बुजवून इमारती उठतायत, सगळे आगर सोडून गेलेत, आणि हा एकटा शेवटचा बांध धरून बसलाय. दुसऱ्या अंकात तो त्या बांधावर उभा राहून गातो:

भरतीने आणलं, ओहोटीने नेलं,
मधे जे उरलं ते मीठ माझं.

त्या ‘माझं’वर सूर वरच्या सप्तकात जातो आणि तिथे थांबतो. टाळी तिथे पडते. हे पद मी माझ्या गळ्यासाठी रचलेलं नव्हतं. ते रचलेलं आमच्या पेटीवाल्याच्या गळ्यासाठी.

तो आधी पेटीवाला नव्हता. बाळकुमचाच, माझ्याहून वर्षभराने लहान, किरिस्तावांच्या आळीतला. त्यांची शेती आमच्या आगराला लागून. लहानपणापासून त्यांच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, रविवारच्या मिस्साला गाऊन गाऊन त्याचा गळा असा तयार झालेला की आमच्या गावदेवीच्या जत्रेत तो पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा बाया म्हणाल्या, ह्याला कुठला देव पावला? तो म्हणाला, "दोन्ही." मिठाचं नाटक बसलं तेव्हा म्हाताऱ्या आगऱ्याचं काम त्याचं होतं, वीस-एक वर्षं त्याचंच होतं, आणि मी खाडी बुजवणाऱ्या शेठचं काम करायचो. लोक मला शिव्या घालायचे आणि त्याला डोक्यावर घ्यायचे.

आता आमच्या मंडळीचा एक रिवाज सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. पडदा उघडायच्या आधी आम्ही आत गोल उभे राहतो. नारळ फुटतो. मग मुख्य काम करणारा आपली पट्टी मोठ्याने हाळी देऊन सांगतो, "काळी दोन!" पेटीवाला सूर धरतो, सगळे त्या सुरात एकदा आ लावतात, आणि मग नांदी. हा रिवाज मी पाडला. आणि त्याला जोडून नियमही मी केला: पट्टी उतरली की काम उतरलं. ज्याचा गळा काळी दोन सोडेल त्याने मुख्य काम सोडायचं.

नियम उगाच नव्हता. आम्ही सुरुवात केली तेव्हा माइक कुठला? खळ्यात, शेतात, बांधाच्या पोटाला प्रयोग व्हायचे. सर्वांत मागे बसलेल्या माणसाला शब्द ऐकू गेला पाहिजे, आणि उघड्यावर उंच आवाजच लांब जातो. हे मला कोणी पुस्तकातून सांगितलेलं नाही. मी मागे जाऊन बसून ऐकलेलं.

२००० साली त्याला टायफॉइड झाला. उठल्यावर पहिल्याच तालमीत त्याचा आवाज वर जाऊन चिरला. तो म्हणाला, "मास्तर, एक घर खाली देऊन बघू." मी सगळ्यांसमोर म्हटलं, "काळी दोनच्या खाली हे काम नाही. नियम नियम आहे." डोक्याचं मुंडासं सोडून त्याने घडी घातली, माझ्या हातात दिलं आणि पेटीवर जाऊन बसला. देवळात तो पेटी वाजवायचाच. त्या दिवसापासून म्हातारा आगरी मी झालो. मी एकदाही त्याला विचारलं नाही की तुला काय वाटलं. दिग्दर्शक असं विचारत बसला तर नाटकं उभी राहत नाहीत, असं मी मानायचो.

२०१६ साली खडवलीला प्रयोग होता. त्या रात्री ‘माझं’वर माझा आवाज फुटला. लोकांनी टाळी दिली, पण ती दयेची टाळी होती, आणि दयेची टाळी मला लांबून ओळखू येते. तीन दिवस मी धड जेवलो नाही. बायकोला म्हटलं, "मंडळी बंद. कपडे वाटून टाक." पेटीवाला घरी आला, चहा प्याला, म्हणाला, "हवा बदलली हाय. ज्येष्ठमध चघळ. आठ दिवसांत ठीक होशील."

मी ज्येष्ठमध चघळला. पुढच्या प्रयोगाला आवाज गेला तो सरळ वर गेला, तेलात बुडवल्यासारखा. दोन वर्षांनी पुन्हा थोडा अडकला, मी ज्येष्ठमध वाढवला, पुन्हा सुटला. मग काय! मी ज्याला त्याला ज्येष्ठमध सांगत सुटलो. डोंबिवलीच्या एका गायनाच्या क्लासात मला बोलावलेलं, तिथे मी पोरापोरींना खिशातून काड्या काढून वाटल्या. म्हटलं, "माझं बघा. सत्तरी ओलांडली, काळी दोन सोडली नाही." आमचा पेटीवाला शेजारी बसून मान हलवत होता. हसत होता का? आता वाटतं, हसत असणार.

मग ती दोन वर्षं आली ज्यात सगळंच बंद होतं. २०२२ साली कल्याणच्या एका नाट्यगृहात आम्हाला शनिवारी दुपारी चारचा प्रयोग मिळाला. बंदीनंतरचा पहिला प्रयोग. तालमी ठाकुर्लीला, एका शाळेच्या वर्गात, कारण निम्मी मंडळी त्या बाजूला राहते. बाकं भिंतीला लावायची आणि मधे आगर मांडायचं. शाळेत मी लहानपणी जेवढा बसलो नाही तेवढा त्या वर्गात तालमीला बसलो.

प्रयोगाला आठ दिवस राहिलेले आणि पेटीवाल्याचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. ठाण्यात दवाखान्यात. त्याने स्वतःच फोन करून बदली दिली: डोंबिवलीची एक मुलगी, तिशीची, गाण्यातली विशारद, एका शाळेत संगीत शिकवते. म्हणाला, "चांगली हाय. पण मास्तर, तालमीच्या आधी एकदा मना भेटून जा. बोलायचं हाय." मी म्हटलं, "तू पोट सांभाळ, नाटक मी सांभाळतो." आणि गेलो नाही.

रविवारी दुपारी ती आली. आपली पेटी घेऊन आलेली, छोटी, काळीभोर. मी उभा राहिलो आणि आमच्या रिवाजाप्रमाणे हाळी दिली, "काळी दोन!"

तिने माझ्याकडे बघितलं. "काळी दोन? नक्की ना काका?"

"तुझ्या जन्माच्या आधीपासून काळी दोन."

तिने सूर धरला. सगळ्यांनी आ लावला. मला तो सूर जरा परका वाटला, जसं कोणी आपल्या घरातली पायरी एक वीट वाढवून ठेवली की पाय अडखळतो तसं. पण मी बघितलं, बोट काळी दोनवरच होतं. नेहमीसारखं. म्हटलं, नवी पेटी, नवा आवाज.

पहिला अंक मी ढकलला. दुसऱ्यात पद आलं. ‘मधे जे उरलं’पर्यंत गेलो आणि ‘माझं’वर माझ्या गळ्यातून जे निघालं त्याला आवाज म्हणता येत नाही. कोंबड्याची मान धरली की जे निघतं ते.

मी तिच्याकडे बोट दाखवलं. "तुझी पेटी चढलेली आहे."

"नाही काका, गेल्याच महिन्यात सुरात लावून आणलीय."

"चढलेली आहे म्हणतो ना! मला शिकवू नको. बावीस वर्षं त्याच पट्टीत गातोय मी."

बिचारीने मोबाइल काढला, पेटीवर एक सूर धरला आणि मोबाइल माझ्यासमोर केला. त्यात काटा की काय ते मधोमध उभं होतं. मला ते वाचता आलं नाही, पण मधोमध म्हणजे मधोमध, तेवढं कळतं. मी तबलजीकडे वळलो. कल्याणचा आमचा जुना तबलजी, वीस वर्षं बरोबर. म्हटलं, "तू सांग. पेटी चढलेली आहे की नाही?"

त्याने हातोडी काढली आणि तबल्याच्या गट्ट्यांना उगाच ठोकायला लागला.

"अरे, तुला विचारतोय."

तो मान खाली घालूनच म्हणाला, "मास्तर, हिची पेटी बरोबर आहे. आज आल्या आल्या मला तबला दोन घरं चढवावा लागला."

"म्हणजे?"

"म्हणजे आपली पेटी उतरलेली होती."

हे मला कळायला वेळ लागला, वाचणाऱ्यालाही सांगायला हवं. आमच्या पेटीवाल्याची पेटी पट्टी बदलता येणारी होती. अशा पेटीत आतले सूर आपल्या जागी राहतात, आणि वरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अख्खी फळी एक खुंटी सैल करून डावी-उजवीकडे सरकवता येते. फळी एक घर डावीकडे सरकवली की बोट काळी दोनवर पडतं आणि सूर वाजतो एक घर खालचा. दोन घरं सरकवली की बोट काळी दोनवर आणि सूर काळी एकचा. आणि मी मूर्ख, प्रत्येक प्रयोगाला हाळी देऊन त्याच्या बोटाकडे बघायचो. मी कानाचा माणूस. पंचावन्न वर्षं कानावर जगलो, आणि विश्वास ठेवला डोळ्यांवर.

मुलगी हळूच म्हणाली, "काका, मी काळी एक देते ना. आता माइक असतो. आणि तुमचे शब्द एवढे चांगले आहेत, वर चिरडतात ते."

मी म्हटलं, "तालीम संपली," आणि चपला घालून निघालो.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. काडी मोडत म्हणाली, "मग?"

"मग काय? तुला ठाऊक होतं?"

"अहो, सगळ्या मंडळीला ठाऊक होतं. तुम्हीच तेवढे काळी दोन."

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?" ती म्हणाली. "पेटीवाल्यांना उठवलंत तसं स्वतःला उठवलं असतंत. मग मला दिवसभर घरात तुम्हीच."

मला राग आला तो पेटीवाल्याचा. माझ्या नियमाशी, माझ्या मंडळीत बसून, सहा वर्षं त्याने ही चोरी केली. लोक दवाखान्यात जाऊन येत होते, मुसंब्या नेत होते. मी गेलो नाही. एवढ्या वर्षांत त्याच्या घरात जन्म, लग्न, मरण, काही झालं तरी मी पहिला असायचो. या वेळेस गेलो नाही. उलट मी ठरवलं, शनिवारच्या आत काळी दोन परत मिळवायची. पहाटे गच्चीवर जाऊन बसायचो. गरम पाणी, मीठ, खर्ज, सगळं केलं. पहिल्या दिवशी वाटलं येतोय. तिसऱ्या दिवशी वाटलं आलाच. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बाईने वर येऊन विचारलं, "आजोबा, बरं वाटत नाही का?"

पाचव्या दिवशी मी गच्चीवर नुसता बसून राहिलो. समोर जिथे आमचं आगर होतं तिथे वीस-बावीस मजली इमारती. माझ्या नाटकातला म्हातारा ज्या बांधावर उभा राहतो तो बांध कुठल्या पार्किंगखाली आहे हे मी तुम्हाला बोट ठेवून दाखवीन. तिथे बसून मी पहिल्यांदा दिग्दर्शकासारखा विचार केला. दुसऱ्या कुणाचा आवाज असा गेला असता तर मी काय केलं असतं? उत्तर मला ठाऊक होतं. केलेलंच होतं एकदा. मग माझ्यासाठी वेगळा नियम कशाला? शनिवारचा प्रयोग करायचा, काळी एकमध्ये करायचा, सगळ्यांदेखत हाळी देऊन करायचा, आणि तो शेवटचा. पुढचं काम नाटकात माझ्या मुलाचं काम करणाऱ्या गड्याला. त्याचा गळा काळी दोनला आरामात जातो. झालं. मनाला बरं वाटलं. हट्टी माणसाला निर्णय झाला की भूक लागते. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

शनिवारी तीन वाजता कल्याणला पोचलो. रंगपटात जाऊन मुंडासं बांधलं, कपाळाला घामाची रेघ ओढली. बाहेर आलो तर विंगेत खुर्चीवर आमचा पेटीवाला. पोटाला पट्टा, अंगात इस्त्रीचा सदरा. त्याचा मुलगा गाडीतून घेऊन आलेला.

"तुला उठायला सांगितलं कोणी?" मी म्हटलं.

"डॉक्टर बोलला बस. मी बसलोच हाय ना," तो म्हणाला. "तू दवाखान्यात आयला नाय, मग मी नाटकाला आयलो. कुणीतरी यायला पायजे."

नारळ फुटला. आम्ही गोल उभे राहिलो. तो खुर्चीतच, गोलाच्या बाहेर. मुलीने पेटी पुढ्यात घेतली, बोट तयार ठेवलं आणि माझ्याकडे बघायला लागली. तबलजीही. सगळेच.

मी हाळी दिली, "काळी एक!"

आमच्या मंडळीत ही हाळी कधी पडलेली नाही. कोणी आ लावेना. मी म्हटलं, "ऐकलं नाही का? काळी एक. आणि नियम सगळ्यांना ठाऊक आहे. आजचा प्रयोग माझा, पुढचा याचा." मी माझ्या मुलाचं काम करणाऱ्या गड्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो एवढा घाबरला की त्याच्या मिशीचा एक कोपरा सुटला.

मागून खुर्ची करकरली.

"नियम तू केलास का?" पेटीवाला म्हणाला.

"मीच केला."

"कधी केलास?"

"माइक नव्हता तेव्हा."

"आता हाय?"

मी मुंडासं सावरलं.

"आता हाय का नाय, बोल ना मास्तर. तुझ्या छातीवर चिकटवलाय तो काय विंचू हाय?"

दोघंतिघं हसले. मी म्हटलं, "तुझ्या वेळी मी नियम पाळला. आता माझ्या वेळी मोडू?"

"मोड," तो म्हणाला. "माझ्या वेळीच मोडायला पायजे होता." मग आवाज खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मी तेव्हा तुना एक घर खाली मागितलेला. एकच. तू दिला नाय. त्या दिवशी कोणी मना गुपचूप एक घर खाली दिला असता तर मी आजून गायलो असतो. म्हणून तुना दिला. एक दिला, मग दुसरा दिला. तुझ्यासाठी नाय दिला, उगाच फुगू नको. म्हाताऱ्या आगऱ्यासाठी दिला. तो आधी माझा हाय."

बाहेर दुसरी घंटा झाली.

माझ्या आयुष्यात मी दिलेला शब्द कधी मागे घेतला नव्हता. बायको म्हणते, चुकीचा पत्तासुद्धा मागे घेत नाही, त्याच पत्त्यावर घर शोधत बसतो. मी त्या मुंडाशासकट उभा होतो आणि मला आठवत होती ती घडी. टायफॉइडमधून उठलेल्या माणसाने किती नीट घडी घातलेली! मला तेव्हा वाटलेलं, याला काही लागलेलं नाही.

मी म्हटलं, "तो नियम आजपासून नाही. ज्याची जी पट्टी आहे ती त्याने सांगायची. पण खरी सांगायची, आणि मोठ्याने." मग मुलीला म्हटलं, "धर."

तिने काळी एक धरली. सगळ्यांनी आ लावला. मागून खुर्चीतूनही एक आ आला, जरा खरखरीत, पण बरोबर जागी.

प्रयोगाबद्दल मी जास्त सांगणार नाही, कारण मी सांगितलं तर चांगलंच सांगीन. एवढंच सांगतो. दुसऱ्या अंकात बांधावर उभा राहिलो तेव्हा सहा वर्षांत पहिल्यांदा मला ठाऊक होतं की मी कुठे उभा आहे. वर चढायची घाई नव्हती. ‘मधे जे उरलं’ या ‘उरलं’वर मी थांबलो. वर्षानुवर्षं मी तिथून ‘माझं’कडे पळत सुटायचो, टाळी गाठायला. त्या दिवशी थांबलो तर समोरच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने पदर तोंडाला लावलेला दिसला. ओळ माझीच, पण ती काय म्हणते हे मलाही तेव्हा नीट ऐकू आलं. मग ‘माझं’ घेतलं. गेलं सरळ. टाळी दयेची नव्हती. दयेची टाळी मला ओळखू येते, हे मी आधी सांगितलंच आहे.

पडदा पडल्यावर मी विंगेत आलो तर खुर्ची रिकामी. त्याला पोटात कळ आली म्हणून मुलगा घेऊन गेलेला. मुलगी म्हणाली, "काका, जाताना ते म्हणाले, मास्तरला सांग, दुसरा अंक बरा झाला. तिसऱ्यात घाई करतो." हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी साडेआठला मी त्याच्या घरी गेलो. वहिनी देवळात गेलेल्या. तो पडवीत पलंगावर उशीला टेकून बसलेला, आणि देवळात आज दुसरंच कोणी पेटी वाजवतंय म्हणून त्याचा चेहरा उतरलेला.

"काय रे मास्तर, भांडायला आयलास?"

मी आत गेलो, कपाटाच्या वरून पेटी उतरवली आणि आणून त्याच्या पलंगावर ठेवली. झाकण उघडलं. फळी दोन घरं डावीकडे होती, तशीच. मी खुंटी सैल केली, माझ्या हाताने फळी उजवीकडे सरकवून आपल्या जागी आणली आणि खुंटी आवळली.

"तुना पेटीतला काय कळतं? मोडशील," तो म्हणाला.

"आता मोडणार नाही. गा."

"काय गा?"

"आगऱ्याचं पद. तुझंच आहे ना? गा."

तो हसायला गेला आणि पोट धरून थांबला. "भाता ओढवत नाय मास्तर. टाके हायत. जोर द्यायचा नाय बोललाय डॉक्टर."

मी स्टूल ओढून पेटीच्या पाठीमागे बसलो आणि भात्याला हात घातला. पेटी वाजवायला मी कधी शिकलो नाही, पण आगरात पाण्याचा रहाट ओढून माझा हात तयार झालेला आहे. भाता म्हणजे त्याच्या पुढे खेळणं. मी म्हटलं, "वारा मी देतो. तू बोटं ठेव. आणि हळू गा, जोर लावू नको. पट्टी सांग."

त्याने पट्ट्यांवरून बोट फिरवलं. बावीस वर्षांत त्याला हे कोणी विचारलेलं नव्हतं.

"पांढरी एक," तो हळूच म्हणाला. काळी एकच्याही एक घर खाली.

मी भाता ओढला आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशी हाळी दिली, "पांढरी एक!"